हायड्रोजनची शेपटी

"तिला सांगून बघ ना. ती गॅसमध्येच आहे कामाला."

मी जिन्याच्या वळणावर थांबले. बोलत होत्या आमच्या शेजारच्या खोलीतल्या काकू. ऐकणाऱ्या बाई तळमजल्यावर नव्यानेच राहायला आल्या होत्या.

"कुठल्या एजन्सीत?"

"एजन्सी कसली, हेड ऑफिसलाच असणार. एवढाले कागद घेऊन येते. अ‍ॅटॉमिक गॅस म्हणे. फॉरेनचा."

"मग आमचा नंबर लागेल?"

"तिने तोंड उघडलं तर लागेल. पण ती बोलते कुठे!"

काखेतली पुठ्ठ्याची लांब नळी सावरत मी वर आले, दोघींकडे बघून हसले आणि घरात शिरले. घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्या वर्षांत गॅसच्या कनेक्शनसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे आणि तोवर रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत बसायचे. काकूंचा गैरसमज झाला तो माझ्यामुळेच. महिन्याभरापूर्वी त्यांनी विचारलं होतं, "काय करतेस गं ऑफिसात?" आणि लवकर सुटका व्हावी म्हणून मी तीन शब्दांत सांगून टाकलं होतं: अ‍ॅटॉमिक गॅसचे नकाशे.

नीट सांगायचं तर बराच वेळ बोलावं लागलं असतं. मी एका संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागले होते. आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या दुसऱ्याही मोठ्या वस्त्या असतात. त्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात हे मला फार नंतर कळलं, कारण माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं होतं. या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या मधे आणि ताऱ्यांच्या बाहेरही हायड्रोजन पसरलेला असतो, सुट्या अणूंचा. तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्यातून एक अगदी क्षीण रेडिओ लहर निघते, साधारण वीतभर लांबीची. रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या थाळ्या ती लहर पकडतात. आमच्या सरांनी परदेशातल्या अशाच एका दुर्बिणीवर जाऊन एका जवळच्या दीर्घिकेचं निरीक्षण केलं होतं आणि चुंबकीय फितींची रिळं सोबत आणली होती. आमच्या संगणकाने त्या फितींमधून आकडे काढले. त्या आकड्यांवरून नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं.

नकाशा काढणारं पेनाचं यंत्र बंद पडलं होतं. त्याचा एक भाग बाहेरून यायचा होता आणि तो कधी येईल हे कुणीच सांगत नव्हतं. छापून आलेल्या कागदावरच रेषा माराव्यात, तर तेही जमत नव्हतं. छापणाऱ्या यंत्राचे आकडे आडवे लांब लांब आणि ओळी मात्र जवळ जवळ पडायच्या, त्यामुळे दीर्घिका थापताना बिघडलेल्या भाकरीसारखी आडवी पसरलेली दिसायची. म्हणून आधी एकेक आकडा आलेख-कागदाच्या चौकटीत उतरवायचा आणि मग सारख्या आकड्यांवरून पेन्सिलीची रेष न्यायची. वीसची, चाळीसची, साठची, ऐंशीची. भूगोलाच्या पुस्तकात डोंगर दाखवतात तशा. सर्वांत बाहेरची रेष सहाची. त्यापलीकडे फक्त दुर्बिणीची खरखर.

चौसष्ट ओळी आणि ओळीत चौसष्ट आकडे. बघायला छापील कागद, लिहायला आलेख-कागद. एका माणसाची मान दुखून येईल असं काम. ते मी घरी आणलं, कारण घरी वडील होते.

वडील गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. संप झाला, लांबला, आणि गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. त्यानंतर ते सकाळी वेळेवर दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून खिडकीशी बसायचे. मी कागद पसरला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

"एकान वाचायचा, दुसऱ्यान लिवायचा. आमच्यात असाच होता," ते म्हणाले. सावंतवाडीकडची बोली त्यांनी मुंबईत कधी सोडली नाही. "पण नियम एक. लिवणाऱ्यान आकडो परत बोलूचो. मगेच फुडचो."

"मी मान हलवीन, बाबा. तुम्ही वाचत राहा."

"मान हलवून काय कळता?"

"कळेल."

त्यांनी वाद घातला नाही. मी परत बोलायला तयार नव्हते याचं कारण मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या आणि काकूंच्या खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती, आणि माझे मराठी आकडे कुणी ऐकावेत असं मला वाटत नव्हतं. वडिलांनी हट्टाने मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतं. मराठी मी बोलायचे, पण आकडे डोक्यात इंग्रजीतच उमटायचे. कुणी मराठीत सांगितला तर मनातल्या मनात फोडून घ्यायचा, जुळवायचा आणि पुढे जायचं. आजवर अडलं नव्हतं.

ऑफिसला जाण्याआधी एक तास आणि रविवारी जेवण होईपर्यंत, असं आम्ही सुरू केलं. वडिलांचा आवाज एका लयीत चालायचा. मी मान हलवायचे आणि लिहायचे. पहिल्या दिवशी ते मधेच थांबले.

"वजा दोन? ह्यो गॅस वजा कसो असात?"

"तिथे गॅस नाही. ती नुसती खरखर आहे. कधी थोडी वर, कधी थोडी खाली."

"मगे ठीक. माका वाटला, कोणाची उधारी हा."

दुसऱ्या रविवारी ते पुन्हा थांबले, आणि या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद उजेडात धरला. आम्ही दीर्घिकेच्या कधीच बाहेर आलो होतो. एक, शून्य, वजा एक, दोन, असं सगळं चाललं होतं.

"हय काय हा गो? सात, नऊ, अकरा, आठ. वरच्या ओळीत पण होते, एक घर अलीकडे. त्याच्या वरच्या ओळीत पण."

मी बघितलं. ओळीमागून ओळ, एकेक घर सरकत, छोटे छोटे आकडे दीर्घिकेच्या कडेपासून निघून थेट कागदाच्या कोपऱ्याकडे गेले होते. मी सहाची रेष त्यांच्याभोवती नेली. बाकी सगळीकडे ही रेष गोल वळून परत यायची. इथे ती बाहेर पडली आणि लांबच लांब गेली. एक शेपटी तयार झाली. मी दीर्घिकेचा फोटो त्याच मापात शेजारी ठेवला. फोटोत तारे मधेच संपत होते. शेपटीच्या जागी निव्वळ काळं होतं.

"ताग्यात असा दिसला असता, तर मी म्हणालो असतो, डाग नाय, धागो इलोहा," वडील म्हणाले.

पृथ्वीवर ही शेपटी पहिल्यांदा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दिसली होती, आणि ती बघणारे आम्ही दोघंच होतो. मी उठून वडिलांना चहा करून दिला.

सरांनी नकाशा बघितला तेव्हा त्यांची नजर शेपटीवर गेलीच नाही. ती मधल्या भागावर अडकली.

"हे काय आहे?"

साठच्या आणि चाळीसच्या रेषांना जागोजाग गाठी आल्या होत्या, छोटी छोटी बेटं तयार झाली होती. मला ते गॅसचे ढग वाटले होते. मी ते मोजूनही ठेवले होते.

"ढग, सर."

"एकेका चौकटीएवढे? दुर्बिणीला इतकं बारीक दिसतच नाही. गॅस असा पुरळ उठल्यासारखा नसतो." त्यांनी छापील कागद ओढला आणि बोट ठेवलं. "इथे एकोणसाठ... फिफ्टी-नाइन छापलंय. तू काय लिहिलंयस? सिक्स्टी-नाइन. इथे थर्टी-नाइन, तू फॉर्टी-नाइन. हे काय चाललंय?"

मी दोन्ही कागद जवळ ओढून आकडे ताडून बघितले.

सर वाईट माणूस नव्हते. आवाजही चढवला नाही, त्याने तर जास्तच लागलं. "पुढल्या शुक्रवारच्या मीटिंगला नीट नकाशा हवा. मी तो परिषदेला घेऊन जाणार आहे. आणि ही शेपटी काढून टाक. आकडे उतरवण्यात एवढ्या चुका आहेत, तर ही दहाच्या आसपासची लुडबुड कोण खरी मानणार? सहाची रेष इथे गोल बंद कर."

घरी येऊन मी चुका शोधल्या. सापडल्या त्या सगळ्या एकाच जातीच्या होत्या. वीसच्या वरचा, नऊने संपणारा प्रत्येक आकडा मी दहाने वाढवला होता. एकही सुटला नव्हता. वडील समोर बसून बघत होते. त्यांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"नंबर बदललो वाटता माझो. तू दुसरा कोण तरी बघ वाचूक."

हे मला सहन झालं नाही. "बाबा, तुम्ही नाही चुकलात. हा वाचा."

"एकोणसाठ."

"म्हणजे किती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेन्सिल घेऊन कोपऱ्यात लिहिलं: ५९.

"मला वाटायचं," मी म्हणाले, आणि माझे कान तापले, "एकोणसाठ म्हणजे साठ आणि वर नऊ."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग असे हसले, असे हसले, की गॅलरीतली कबुतरं उडाली. गिरणी बंद पडल्यापासून मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

"अगो चेडवा! एवढी कॉन्व्हेंटात घातली, नि एकोणसाठ येत नाय! एक ऊन. ऊन म्हणजे कमी. साठाक एक कमी. आणि म्हणून मी सांगत होतो, परत बोल! एकदा जरी बोलली असतीस, 'सिक्स्टी-नाइन', तर मी थयच धरली असती तुका!"

"आता बोलते."

"मोठ्यान."

आम्ही पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ते म्हणाले, "अडतीस." मी म्हणाले, "अडतीस." ते म्हणाले, "एकोणपन्नास." मी मनात पन्नासातून एक काढला आणि म्हणाले, "एकोणपन्नास, चार नऊ." माझा आवाज मलाच परका वाटत होता. तिसऱ्या ओळीला दार ढकलून काकू आत आल्या. हातात सोलायच्या वालांचं ताट.

"काय हो, हौजी खेळताय काय?"

"गॅस मोजतव आम्ही," वडील म्हणाले.

काकू कागदावर वाकल्या. "हाच तो गॅस? सिलिंडरात नाय भरत?"

"नाही काकू," मी म्हणाले. "तो फार लांब आहे. ताऱ्यांच्या पलीकडे."

"मग मेला काय उपयोग!" असं म्हणून त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि वाल सोलायला लागल्या. पण त्या उठल्या नाहीत. चार ओळींनंतर वडील म्हणाले "एकोणसत्तर", मी घाईत म्हणाले "सात नऊ", आणि वडिलांच्या आधी काकूच ओरडल्या, "अगं सहा नऊ! सहा नऊ! झोपलीस काय?"

बुधवारपर्यंत नकाशा पुन्हा झाला. पुरळ गेलं. साठची रेष गुळगुळीत वळली, चाळीसची तिच्यामागून. मधे एक रुंद, शांत कडं दिसू लागलं. तेच दीर्घिकेचं खरं रूप होतं.

शेपटी मात्र जशीच्या तशी राहिली. राहणारच होती. शेपटीत वीसच्या वरचा एकही आकडा नव्हता, आणि एकोणीस मला लहानपणापासून येत होता. माझ्या चुकीचा हात तिथवर पोचलाच नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मी खोलीत एकटीच होते आणि टाळी वाजवली.

पण सरांना एवढ्याने पटणार नव्हतं. ते म्हणणार, बरोबर उतरवलेली खरखर ही खरखरच. म्हणून मी उरलेले कागद काढले. दीर्घिकेतला गॅस फिरत असतो, काही आपल्याकडे येतो, काही दूर जातो, त्यामुळे त्याच्या लहरीचा सूर किंचित चढतो-उतरतो. प्रत्येक सुराचा आकड्यांचा कागद वेगळा छापला होता. आम्ही सगळ्या सुरांच्या बेरजेचाच कागद वाचला होता. शेपटी खरी असेल, तर बुडख्यापासून टोकाकडे वेग हळूहळू बदलणार; एका सुरात तिचा बुडखा दिसायला हवा, पुढच्या सुरात मधला भाग, त्याच्या पुढच्यात टोक. खरखर अशी रांगेत चालत नाही.

मी शेपटीच्या कोपऱ्यातले आणि त्याच्या बरोबर समोरच्या कोपऱ्यातले आकडे मागितले. वडिलांनी वाचले, मी परत बोलले, आणि शेपटी दिसली त्या चार सुरांपैकी प्रत्येकाचा तुकडा बटर पेपरवर वेगळा काढला. गुरुवारी सकाळी चारही बटर पेपर एकावर एक ठेवून आम्ही खिडकीच्या काचेला लावले. एक ठिपका, त्याला चिकटून दुसरा, मग तिसरा, मग चौथा. बाहेर बाहेर जाणारा.

"चलता हा," वडील हळूच म्हणाले. "बघ, चलता हा तो."

शुक्रवारी मीटिंगला सहा जण होते. मी नेहमीची, दाराजवळची खुर्ची घेतली. त्या खोलीत वर्षभरात मी "येस सर" आणि "नो सर" यांपलीकडे गेले नव्हते. सरांनी नवा नकाशा टेबलावर पसरला. त्यांचा चेहरा उजळला.

"व्वा. हे कडं बघा, किती स्वच्छ आलंय." मग त्यांचं बोट कोपऱ्याकडे गेलं. "ही शेपटी अजून आहे. मी काढायला सांगितली होती. असू दे, प्रिंटला देताना बंद करू." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

"सर."

आवाज इतका बारीक निघाला की कुणी वळलंच नाही. मी उठले, खुर्ची मागे सरकून भिंतीला आपटली, आणि मग सगळेच वळले.

"सर, आधी मला दाखवू द्या."

मी खिडकीपाशी गेले आणि बटर पेपर एकेक करून काचेला लावले. प्रत्येक कागद लावताना त्याचा सूर सांगितला. इंग्रजीत सुरुवात केली होती, मधेच कधी मराठीत शिरले ते कळलं नाही. सर खुर्चीवरून उठून आले. एक वरिष्ठ सहकारी मागून म्हणाले, "दुर्बिणीचीच छाया असेल. मधला भाग तेजस्वी आहे, त्याचे खोटे पडसाद बाहेर पडतात."

"पडसाद दोन्ही बाजूंना पडतात," मी म्हणाले. "समोरच्या कोपऱ्यातले आकडे मी वाचून घेतलेत. तिथे काही नाही. हे बघा."

ते बघायला आले. सरांनी स्वतः एक बटर पेपर काढला, उलटा केला, पुन्हा लावला. छापील कागद मागवून शेपटीतले आकडे पडताळले, एकेका आकड्यावर पेन्सिल टेकवत. बराच वेळ गेला. कोपऱ्यात कुणाचा तरी चहा निवत होता.

"एकही चूक नाही," सर म्हणाले. "कुणी तपासले?"

"वडिलांनी वाचले. मी परत बोलले."

सरांनी मान डोलावली. ते टेबलाशी परत आले, नकाशावर वाकले, आणि बाण काढून शेपटीशेजारी पेन्सिलीने सुबक अक्षरांत लिहिलं: पॉसिबल टेल. मग मागे सरून स्वतःच ते वाचलं. "चला, ठेवू या. अशा सावध शब्दांत ठेवली की कुणी बोट दाखवणार नाही. ठीक आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी नकाशा बघत होते. सहाची रेष कड्यापासून सुटून, कुठेही न तुटता, कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"'पॉसिबल' नको, सर," मी म्हणाले. "शेपटी आहे."